शिवगळैचं लोखंड खरंच ५,३०० वर्षांपूर्वीचं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अभ्यासाच्या पुस्तकात भारतातल्या लोखंडाची सुरुवात इ.स.पू. १२०० ते १००० च्या सुमारास दिली आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की तमिळनाडूतल्या शिवगळै इथलं लोखंड इ.स.पू. ३३४५ चं, म्हणजे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचं आहे. तुम्ही स्पर्धा परीक्षेची तयारी करताय आणि विचारताय की यातलं खरं कोणतं, आणि उत्तरपत्रिकेत काय लिहायचं.

परीक्षेचं शेवटी बोलू, ते सोपं आहे. अवघड भाग वेगळाच आहे. तारीख खरी की खोटी असा हा वाद नाही. प्रयोगशाळेने दिलेला आकडा बरोबर आहे असं मी धरूनच चालतो. प्रश्न आहे तो ही तारीख नक्की कशाची, हा. शिवगळैच्या त्या सर्वांत जुन्या तारखा लोखंडाच्या नाहीत, कोळशाच्या आहेत. तो कोळसा आणि ते लोखंड एकाच वेळी तिथे पुरलं गेलं का, हे प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते उत्खनन करणाऱ्याने मातीवरून ठरवायचं असतं. सगळं या एका दुव्यावर उभं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या तारखा गंभीरपणे घ्यायला हव्यात. उत्तरेतल्या किंवा परदेशातल्या काही लोकांनी केलं तसं त्यांना उडवून लावणं चूक आहे. पण ‘भारतात लोहयुग इ.स.पू. ३३४५ ला सुरू झालं’ हे वाक्य पेलण्याइतका पुरावा आज समोर नाही.

माझं काम विदर्भातलं. मोठाल्या दगडांच्या रिंगणातली दफनं, म्हणजे शिळावर्तुळं, त्यांत मिळणारी लोखंडी हत्यारं, घोड्यांचा साज आणि त्याच मातीतून उचललेले कोळशाचे तुकडे यांच्यात माझी बरीच वर्षं गेली. शिवगळैला मी खोदलेलं नाही, तिथल्याबद्दल बोलतोय ते जाहीर झालेल्या माहितीवरून. पण दफनातलं लोखंड आणि शेजारचा कोळसा यांचा मेळ घालायचा प्रश्न नागपूरला जसा येतो तसाच ताम्रपर्णीच्या काठी येतो.

आधी तिथे मिळालं काय ते पाहू. शिवगळै हे थूत्तुक्कुडी, म्हणजे जुन्या नावाने तुतिकोरिन, जिल्ह्यातलं गाव, ताम्रपर्णी नदीच्या खोऱ्यात. याच खोऱ्यात आदिचनल्लूर आहे, जिथे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर री यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी दफनकुंभांचं मोठं क्षेत्र खणलं होतं. शिवगळैलाही तसेच मोठे मातीचे कुंभ, त्यांत मृतांच्या अस्थी आणि सोबत ठेवलेल्या वस्तू. तमिळनाडूच्या राज्य पुरातत्त्व विभागाने २०१९ ते २०२२ या काळात इथे उत्खनन केलं. कुंभांच्या आत आणि बाहेर मिळून सुऱ्या, बाणांची टोकं, कड्या, छिन्न्या, कुऱ्हाडी, तलवारी अशा ८५ हून जास्त लोखंडी वस्तू सापडल्या. पुरातत्त्वज्ञ के. राजन आणि आर. शिवानंतम यांनी तयार केलेला अहवाल मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी २३ जानेवारी २०२५ ला प्रसिद्ध केला. नमुने फ्लोरिडातली बीटा अॅनालिटिक, लखनौची बीरबल सहानी संस्था आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा अशा ठिकाणी तपासले गेले होते. यातल्या एकाही प्रयोगशाळेच्या कामाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

शिवगळैच्या कोळशाच्या तारखा इ.स.पू. २९५३ ते ३३४५ या टप्प्यात येतात. मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर वेगळ्या पद्धतीने काढलेल्या तारखा इ.स.पू. २४५० च्या आगेमागे येतात. आणि त्याच स्थळावर एका कुंभात मिळालेल्या भाताची तारीख इ.स.पू. ११५५ आहे. हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून बघा. बातम्यांमध्ये बहुतेक ठिकाणी पहिलाच आकडा मथळ्यात गेला. माझ्यासारख्याचं लक्ष मात्र तिन्हींमधल्या अंतराकडे जातं.

कोळशापासून सुरू करतो. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेत असतं, त्यातला थोडा किरणोत्सारी असतो. लाकडाचा जो भाग वाढून पूर्ण झाला, त्यात नवा कार्बन येणं थांबतं आणि आहे तो किरणोत्सारी कार्बन ठरलेल्या गतीने घटत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा होतो. किती उरला ते मोजलं की वय निघतं. म्हणजे ही तारीख लाकूड वाढल्याची असते, जाळल्याची नव्हे. वाड्याची दीडशे वर्षांची सागवानी तुळई आज चुलीत घातली तर तिच्या कोळशाचं वय आजचं येणार नाही, ते खोड जंगलात वाढत होतं त्या काळाचं येईल. तुळईचा तुकडा गाभ्यातला असेल तर आणखी मागे जाईल. म्हणून आम्ही शक्यतो बारीक फांदी किंवा त्याहून चांगलं म्हणजे धान्याचा दाणा शोधतो. दाणा एकाच हंगामात तयार होतो, त्यामुळे त्याचं वय आणि तो वापरला गेला तो काळ यांत अंतर पडत नाही.

जुन्या लाकडाचा हा दोष मान्य केला तरी त्याने शिवगळैच्या तारखा शे-दोनशे, फार तर काही शतकं पुढे सरकतील. दोन हजार वर्षांचा फरक त्याने भरून निघत नाही. ‘जुनं लाकूड’ एवढं म्हणून हा विषय निकालात काढणाऱ्यांशी म्हणूनच मी सहमत नाही.

मग दुसरी गोष्ट, ३३४५ हा आकडा. तो एखाद्या शिलालेखातल्या शकासारखा वाचू नका. यंत्रावर मोजलेलं वय सरळ सनावळीत बसत नाही, कारण हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण प्रत्येक शतकात सारखं नव्हतं. झाडांच्या वर्षवलयांवरून तयार केलेल्या आलेखाशी ते ताडून घ्यावं लागतं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यातून एक साल मिळत नाही, सालांचा पट्टा मिळतो. मथळ्यात छापला जातो तो त्या पट्ट्याचा मधला आकडा. हा आलेख काही ठिकाणी चढता-उतरता राहतो, काही ठिकाणी सपाट होतो. विदर्भात आम्हाला याचा फार त्रास होतो, कारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात आलेख जवळजवळ आडवा आहे आणि आमची बरीचशी शिळावर्तुळं नेमकी तिथेच पडतात. कितीही चांगला नमुना पाठवला तरी उत्तर ‘या चारशे वर्षांत कुठेतरी’ असंच येतं. तमिळनाडूतल्याच कीळडी या प्राचीन वस्तीच्या इ.स.पू. सहाव्या शतकाच्या तारखेबद्दल वाचताना हेही लक्षात ठेवा. इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या (४००० ते ३००१) अखेरीलाही आलेख चांगलाच वळणावळणाचा आहे, त्यामुळे ३३४५ आणि ३२०० यांत फरक करत बसण्यात अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा, मातीचा.

विदर्भातल्या काळ्या कापसाच्या जमिनीत नमुना उचलायचा म्हणजे काय करावं लागतं ते सांगतो, म्हणजे अडचण कळेल. ट्रेंचमध्ये, म्हणजे खणलेल्या चरात, लोखंडी कुऱ्हाड दिसू लागली की तिच्याभोवतीची माती ट्रॉवेलच्या टोकाने आणि मग ब्रशने काढतो. वीतभर अंतरावर कोळशाचा बोराएवढा तुकडा दिसतो. त्याला हात लावायचा नाही. आधी त्याच्याभोवती मातीचा रंग बदलतोय का ते पाहायचं. काळ्या मातीत उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पुरुषभर खोल जातात आणि पहिल्या पावसात वरची माती त्यांतून खाली ओघळते. भेगेत भरलेली माती किंचित भुसभुशीत लागते, ओली असेल तर रंगही वेगळा दिसतो. उंदराचं बीळ असेल तर गोल, मऊ डाग दिसतो. बाभळीची मुळं असतील तर त्यांच्या कडेने बारीक पोकळी असते. यातलं काही नसेल तर तुकडा चिमट्याने अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायचा, पाकिटावर ट्रेंच, थर, खोली, दिशा, तारीख लिहायची, जागेवरच त्याचा फोटो काढायचा. वरून नवा कोळसा खाली घसरला तर तारीख तरुण येते. बिळं करणाऱ्या प्राण्याने खालचा जुना कोळसा वर आणला तर म्हातारी येते.

दफनात याहून मोठी अडचण असते. दफन म्हणजे माणसाने खड्डा खणून पुन्हा भरलेली जागा. खड्डा भरायला माती आली कुठून? बाजूचीच. त्या बाजूच्या मातीत आधीच्या वस्तीच्या चुलींचा, शेतं जाळल्याचा, वणव्याचा कोळसा असू शकतो. तो हजार-दोन हजार वर्षांचा जुना कोळसा कुंभाभोवती किंवा कुंभात जाऊन बसतो, आणि मग लोखंडी सुरीच्या शेजारी सापडतो. नमुना उचलणाऱ्याने एकही चूक केलेली नसते, प्रयोगशाळेचीही नसते, तरी सुरीला दोन हजार वर्षं चिकटतात. आमच्याकडच्या शिळावर्तुळांत भराव किती ठिकाणांहून आणलेला असतो हे पाहिल्यावर मी दफनाच्या भरावातल्या सुट्या कोळशाच्या तारखेवर एकटीवर काहीच उभं करत नाही. राख आणि जळलेली माती जागच्या जागी दिसत असेल, म्हणजे तिथेच आग पेटली होती असं ठरत असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणूनच शिवगळैच्या कोळशाबद्दल मला आकड्यापेक्षा प्रत्येक तुकड्याची जागा महत्त्वाची वाटते: कुंभाच्या आत तळाशी की बाहेर, झाकण शाबूत होतं की फुटलेलं, कुंभात नंतर झिरपलेली माती होती की नव्हती, लोखंड त्याच कुंभातलं की पलीकडच्या. झाकण पक्कं बसलेल्या, माती न शिरलेल्या कुंभाच्या तळाचा कोळसा असेल तर त्याचं वजन फार मोठं. बाहेरच्या भरावातला असेल तर थोडं.

मातीच्या भांड्यांच्या तारखा इथे मदतीला येतात, आणि मी या दाव्याला हलक्यात घेत नाही त्याचं हेच कारण. भांडं भाजताना मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांत साठलेली ऊर्जा निघून जाते. भांडं पुरलं गेल्यावर आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्साराने ती पुन्हा साठत जाते. किती साठली ते मोजून शेवटचं भाजणं कधी झालं ते काढतात. इथे कोळसा कुठून आला हा प्रश्नच येत नाही, वय भांड्याचंच असतं. शिवगळैची भांडी इ.स.पू. २४५० च्या आसपासची येत असतील तर तिथली काही दफनं खरोखर फार जुनी आहेत हे मान्य करावं लागतं. या पद्धतीत पाच ते दहा टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे. माती इतक्या हजार वर्षांत सरासरी किती ओली राहिली याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो अंदाज बदलला की वयही बदलतं. तरीसुद्धा इ.स.पू. २४५० चं ११५५ होत नाही. आणि ३३४५ ही होत नाही.

भाताची तारीख दुसरीकडे ओढते. तो दाणा म्हणजे सर्वांत विश्वासाचा नमुना, आणि तो इ.स.पू. ११५५ सांगतो. यात विरोधाभास असलाच पाहिजे असं नाही. दफनभूमी पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. एक कुंभ २४५० चा आणि पन्नास पावलांवरचा ११५५ चा असू शकतो. मग त्या ८५ वस्तूंपैकी कोणत्या कोणत्या कुंभातल्या? सगळ्या एका तारखेच्या मानता येणार नाहीत, आणि ‘शिवगळैचं लोखंड’ असं एकत्र बोलता येणार नाही. प्रत्येक सुरीला तिचा तिचा कुंभ आणि त्या कुंभाची तारीख लागते.

दुसरा पुरावा मी शोधतो तो भट्टीचा. लोखंडी वस्तू मिळणं आणि लोखंड काढता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इजिप्तमध्ये गर्झे इथे इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे लोखंडी मणी मिळाले आहेत, पण ते उल्केच्या लोखंडाचे आहेत. त्यातल्या निकेलच्या प्रमाणावरून ते ओळखता आलं. तिथलाच राजा तुतनखामेन याच्या थडग्यातला खंजीरही उल्केच्या लोखंडाचा, हे २०१६ मध्ये तपासून सिद्ध झालं. धातूपाषाणातून लोखंड काढायचं तर भात्याने हवा मारून भट्टी १,२०० अंशांच्या घरात न्यावी लागते. त्या तापमानाला लोखंड वितळत नाही, त्याला १,५३८ अंश लागतात. ते लगद्यासारखं घट्टच राहतं आणि मळी, म्हणजे खनिजातला टाकाऊ भाग, तेवढी वितळून वाहते. काळी, जड, बुडबुड्यांच्या खुणा असलेली ही मळी कुजत नाही, तिला कोणी चोरून नेत नाही, वितळवून पुन्हा वापरतही नाही. जिथे लोखंड काढलं तिथे ती ढिगाने पडलेली असते. नागपूर जिल्ह्यात नाईकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात इ.स.पू. ७०० च्या सुमाराची भट्टीच मिळाली, भात्याच्या मातीच्या नळ्यांसकट आणि मळीसकट. ‘इथले लोक स्वतः लोखंड काढत होते’ असं विदर्भाबद्दल आम्ही ठामपणे म्हणतो ते या भट्टीच्या जोरावर, दफनांतल्या कुऱ्हाडींच्या जोरावर नव्हे.

याच कारणाने उत्तर प्रदेशातलं मल्हार मला फार मोलाचं वाटतं. चंदौली जिल्ह्यातल्या या ठिकाणी राकेश तिवारी यांनी भट्ट्या, मळी, नळ्या आणि वस्तू अशा सगळ्या साखळीसकट लोखंड इ.स.पू. १८०० च्या सुमारापर्यंत मागे नेलं. सोनभद्रमधल्या राजा नल का टीला इथूनही तशाच तारखा आल्या. हे २००३ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. म्हणजे तुमच्या पुस्तकातलं १२००-१००० हे शिवगळैच्या आधीपासूनच मागे पडलेलं आहे. ते वादग्रस्त म्हणून नव्हे, जुनं म्हणून बदलायला हवं.

तमिळनाडूचा दावाही एकट्या शिवगळैवर उभा नाही. कृष्णगिरी जिल्ह्यातल्या मयिलाडुंपारैची तारीख इ.स.पू. २१७२ आहे, ती २०२२ मध्येच जाहीर झाली होती. तिरुवण्णामलै जिल्ह्यातल्या कीळनमंडीच्या मातीच्या शवपेटिकेच्या दफनाची इ.स.पू. १६९२. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, वेगवेगळ्या प्रकारच्या जागांतून अशा तारखा येत राहिल्या की योगायोगाची शक्यता कमी होत जाते. त्यामुळे माझी आजची समजूत अशी आहे: इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पहिल्या अर्ध्यात भारतात लोखंड काढलं जात होतं, हे पक्कं. तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस दक्षिणेत ते असण्याची शक्यता खरी आणि वाढती. चौथं सहस्रक मात्र अजून फक्त कोळशावर टेकलेलं आहे.

यापुढे कोणती बातमी आली तर मी मत बदलेन, तेही सांगतो. पोलादात कार्बन असतो आणि तो भट्टीतल्या कोळशातूनच आलेला असतो. गंज न चढलेला पुरेसा धातू आत शिल्लक असेल तर त्याच कार्बनची तारीख थेट काढता येते, म्हणजे कोळसा आणि लोखंड यांचा दुवा शोधायचीच गरज उरत नाही. गंजात जमिनीतला कार्बन शिरतो म्हणून नमुना फार काळजीने निवडावा लागतो. अशी थेट तारीख तिसऱ्या सहस्रकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची आली, किंवा बंद कुंभातला दाणा आणि लोखंड एकत्र मिळून दाण्याची तारीख तितकी जुनी आली, किंवा मळीचा ढीग तितक्या जुन्या थरात सापडला, तर मी उद्या उठून ३३४५ मान्य करेन. दक्षिणेत लोखंडाचं खनिज मुबलक आणि तांब्याचं तुलनेने कमी, त्यामुळे तिथले लोक तांब्याच्या टप्प्यावर फार न रेंगाळता लोखंडाकडे वळले, ही मांडणी मला अशक्य वाटत नाही.

आणि ‘युग’ देशभर एकदम सुरू होतं असं समजू नका. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात लोक दगडी पाती आणि थोडं तांबं वापरत होते, लहान मुलांना दोन कुंभांत तोंडाशी तोंड लावून घरात जमिनीखाली पुरत होते, आणि त्यांच्याकडे लोखंड नव्हतं. त्या काळात मल्हारच्या भट्ट्या पेटून कित्येक शतकं उलटली होती. इनामगावची वस्ती संपत आली त्याच सुमारास नाईकुंडला भट्टी चालू होती. ‘भारतातलं लोहयुग कधी सुरू झालं’ याला एकच साल मागणं म्हणूनच चुकीचं ठरतं. कुठलं, हे आधी विचारायला हवं.

आता परीक्षा. बहुपर्यायी प्रश्नात ‘तमिळनाडू शासनाच्या २०२५ च्या अहवालानुसार’ असे शब्द असतील तर शिवगळै आणि इ.स.पू. ३३४५ हेच उत्तर, तिथे मनात शंका आणू नका. अहवालाचा उल्लेख नसेल तर उत्तरतालिका ज्या पुस्तकावरून तयार होते त्यातला आकडा निवडा. तो मागे पडला असला तरी गुण त्यालाच आहेत. वर्णनात्मक प्रश्नात मात्र तीन पायऱ्या लिहा: पारंपरिक मत इ.स.पू. १२००-१०००, मल्हारच्या उत्खननानंतर इ.स.पू. १८०० च्या सुमारास, आणि शिवगळैच्या कोळशाच्या तारखांवरून चौथ्या सहस्रकाचा दावा, जो थेट लोखंडाच्या तारखांनी अजून पक्का व्हायचा आहे. ‘कोळशाच्या’ हा शब्द गाळू नका. आणि मधली पायरी, मल्हार, बहुतेकांच्या उत्तरात नसते. ती जरूर लिहा.